चामड्याचं हातकाम: ऑर्डर घेण्यापासून माल देईपर्यंत

मी नाशिकमध्ये ऑर्डरप्रमाणे चामड्याच्या वस्तू करून देते. कंबरेचे पट्टे, पाकिटं आणि द्राक्षबागेतल्या छाटणीच्या कात्रीची म्यानं, एवढाच माल. गिऱ्हाईक वस्तू हातात घेतं आणि आधी शिलाई बघतं. पण वर्षभराने एखादी वस्तू दुरुस्तीला येते तेव्हा टाके बहुतेक वेळा शाबूत असतात. पट्टा लांबलेला असतो, कडा फुललेल्या असतात, रंग पँटला लागलेला असतो. ही दुखणी शिवताना लागत नाहीत. चामडं निवडताना, कापताना आणि ओलं करताना लागतात. त्यामुळे या धंद्यात उतरणाऱ्याने सुई-दोऱ्याआधी चामडं ओळखायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

माल मी धारावीच्या बाजारातून आणते किंवा चेन्नई, कानपूरकडून मागवते. टॅनरीकडून, म्हणजे कातडं कमावणाऱ्या कारखान्याकडून, थेट घ्यायचं तर किमान मालाची अट असते, म्हणून सुरुवातीला व्यापाऱ्याकडून एक-दोन साईड (कण्यावरून उभं कापलेलं अर्धं कातडं) घेतलेल्या बऱ्या. पट्टे आणि म्यानांना बाभळीची साल, हिरडा अशा वनस्पतींनी कमावलेलं म्हशीचं चामडं लागतं. क्रोमने कमावलेलं चामडं मऊ आणि पाण्याला टिकाऊ असतं, पण त्याची कड घासून चकाकत नाही आणि त्यावर ठसा बसत नाही. ओळखायला सोपं आहे. काप घेऊन आत बघा: क्रोमच्या चामड्यात मधोमध राखाडी-निळसर छटा दिसते, वनस्पतीवाल्यात आरपार बदामी. वरून जाड रंग मारलेला असेल तर पाण्याचा थेंब टाकून काही कळत नाही, काप घ्यावाच लागतो. दुसरी परीक्षा म्हणजे गुळगुळीत बाजू आत ठेवून दुमडणं. बारीक, एकसारख्या सुरकुत्या पडल्या तर चामडं घट्ट. मोठ्या, सैल वळ्या उठल्या तर वरचा थर आतून सुटलेला आहे. असा माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे गाईचं तर नाही ना?" महाराष्ट्रात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळूच्या कत्तलीलाही बंदी आहे, म्हैस त्या बंदीत येत नाही. मी बिलावर 'म्हशीचं चामडं' असं स्पष्ट लिहून घेते आणि खरेदीची बिलं फाईलला लावते. सापाच्या किंवा मगरीच्या कातड्याची ऑर्डर आली तर सरळ नाही म्हणायचं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याशी खेळ नको.

साईड चौरस फुटावर विकली जाते, पण सगळे फूट सारखे नसतात. २२ चौरस फुटांच्या साईडमधून पट्ट्याजोगा माल फक्त पाठीचा निघतो. मानेकडे सुरकुत्या, पोटाकडे ताण. पोटाचा भाग ओढून बघितला की लगेच कळतं, तो लांबतो आणि पूर्ण परत येत नाही. पट्टा नेहमी कण्याच्या रेषेला समांतर कापायचा, कारण त्या दिशेला चामडं सगळ्यात कमी ताणतं. मानेच्या तुकड्यांतून म्यानाचा मागचा भाग काढते, पोटातून किल्लीचे टॅग आणि नमुने. वाया जाणारा चौथा हिस्सा हिशेबात धरलाच पाहिजे.

पट्ट्याची ऑर्डर घेताना कंबरेचं माप विचारायचं नाही. पँटवर लिहिलेला आकडा तर मुळीच धरायचा नाही. गिऱ्हाइकाला त्याचा रोजचा पट्टा सपाट ठेवायला सांगायचं आणि बक्कलजवळ चामडं जिथे दुमडलंय तिथून रोजच्या भोकापर्यंत इंचात मोजायला सांगायचं. त्या मापात ९ इंच मिळवले की कापायची लांबी येते: ३ इंच बक्कलच्या दुमडीला, पुढच्या दोन भोकांना २ आणि शेपटीला ४. पाच भोकं, एकेका इंचावर, रोजचं भोक मधलं. नवी बक्कल जुनीपेक्षा लांब असेल तर तेवढा फरक वजा करायचा, हे बरेच जण विसरतात आणि पट्टा अर्ध्या इंचाने ढिला होतो. रुंदी जीन्सला ३८ ते ४० मिलिमीटर, ऑफिसच्या पँटला ३० ते ३५. जाडी साधारण ३.५ ते ४ मिलिमीटर.

बक्कलच्या दुमडीचे ३ इंच मागून तासून निम्म्या जाडीवर आणायचे. इथे रापीचा, म्हणजे चामडं कापायच्या-तासायच्या चपट्या पात्याचा, हात लागतो. रापी जवळजवळ आडवी धरून, ग्रॅनाइटच्या लादीवर, एका दमात लांब सालपट काढायचं. सालपट तुटत असेल तर जोर लावू नये. धार गेली आहे. मी लाकडी पट्टीवर चामडं चिकटवून त्यावर हिरवा क्रोमियम ऑक्साईडचा साबण चोळून ठेवते आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने पातं त्यावर पाठमोरं ओढते. हा वेळ वाया जात नाही, कारण बोथट पातं चामडं कापत नाही, ढकलतं, आणि कड वाकडी होते. तासल्यावर दुमड ओलसर करूनच वाकवायची, कोरडी वाकवली की वरचा थर तडकतो. बक्कल बसवायला मी पितळेचे स्क्रू वापरते म्हणजे गिऱ्हाइकाला बक्कल बदलता येते. स्क्रू सुटू नये म्हणून आट्यांना नेलपॉलिशचा एक थेंब.

ओलावा किती हवा, हे शब्दात सांगणं अवघड, तरी सांगते. नावाचा ठसा मारायचा असेल तर स्पंजने गुळगुळीत बाजू सगळीकडे सारखी ओली करायची, प्लास्टिकमध्ये तासभर गुंडाळून ठेवायची, मग उघडून थांबायचं. चामड्याचा मूळ रंग परत यायला लागतो पण गालाला लावलं तर अजून गार लागतं, त्या क्षणी ठसा मारायचा. आधी मारला तर ठसा पसरट उठतो, नंतर मारला तर उथळ. पाणी फिल्टरचं घ्यावं आणि भांडं स्टीलचं किंवा प्लास्टिकचं. वनस्पतीने कमावलेल्या चामड्यातल्या टॅनिनला लोखंडाचा अंश लागला की काळे-निळे डाग पडतात. टाचणी, कानस, रापीचा गंजलेला दांडा, काहीही ओल्या चामड्यावर ठेवू नये. तो डाग पुसून जात नाही.

आता म्यानं. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत एप्रिलला खरड छाटणी आणि ऑक्टोबरला गोडी छाटणी, त्यामुळे ऑर्डरी मार्च आणि सप्टेंबरमध्ये एकदम येतात. चामडं ३ मिलिमीटरचं. पाण्यात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे मिनिटभर-दीड मिनिट ठेवायचं. कात्री स्वयंपाकघरातल्या पारदर्शक प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून आत घालायची, बोटांनी आणि लाकडी पट्टीने चामडं तिच्या भोवती दाबायचं आणि सावलीत वाळवायचं. उन्हात वाळवलं की आकसतं आणि ठिसूळ होतं. शिवताना दोन थरांमध्ये पात्याच्या बाजूने ३ मिलिमीटरची पट्टी घालायची. ती नसेल तर पातं थेट टाक्यावर घासतं आणि एका हंगामात म्यान उसवतं. तळाशी ५ मिलिमीटरचं भोक ठेवायचं, पाणी आणि काड्यांचा कचरा निघून जातो. बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाच्या) फवाऱ्यातला चुना चामडं काळवंडतो, म्हणून म्यानं मी गडद तपकिरी रंगातच देते आणि रात्री कात्री म्यानात ठेवू नका, असं सांगते. चामड्यातल्या ओलीने पातं गंजतं.

पाकिटाला जाडी वेगळी. बाहेरचं चामडं १.२ मिलिमीटर, आतले कप्पे बकरीच्या ०.८ चे. पाचशेची नोट १५० बाय ६६ मिलिमीटर, कार्ड ८५.६ बाय ५४. कार्डाचा कप्पा शिलाई धरून ९५ मिलिमीटर रुंद ठेवला तर सुरुवातीला किंचित घट्ट बसतो आणि महिनाभरात सैलावून बरोबर होतो. आतला भाग बाहेरच्या तुकड्यापेक्षा ४ ते ५ मिलिमीटर आखूड कापायचा, नाहीतर पाकीट मिटल्यावर आत चुण्या पडतात.

शिलाई दोन सुयांची, एकाच दोऱ्याची. मेणाचा पॉलिएस्टर दोरा, पट्ट्याला ०.८ मिलिमीटर आणि ४ मिलिमीटरचे टाके, पाकिटाला ०.६ आणि साधारण ३.४ चे. दोरा शिलाईच्या चौपट घ्यायचा. टाके तिरके आणि एकसारखे दिसायचे असतील तर सुयांचा क्रम एकही टाका बदलायचा नाही: आधी डावी, मग उजवी तिच्या मागून. दुसरी सुई पहिल्या दोऱ्यातून आरपार गेली तर तो टाका आवळत नाही. सुई भोकात घालताना पहिला दोरा जरा मागे ओढला की हे टळतं. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा वितळवायचा.

कडेसाठी बेव्हलरने कोपरा काढायचा, मग ४०० आणि ८०० चा पॉलिश पेपर, मग डिंकाचं पातळ पाणी लावून लाकडी दांड्याने घासायचं. कड हाताला गरम लागेपर्यंत घासायला हवं. पाणी जास्त झालं तर कड चकाकण्याऐवजी दोन्ही बाजूंना फुगते. रंग दिल्यावर कोरड्या पांढऱ्या कापडाने चोळायचं, कापड कोरं निघेपर्यंत. हे काम कंटाळवाणं आहे, पण रंग पँटला लागण्याच्या तक्रारींवर उपाय हाच.

पावसाळ्यात गणित बदलतं. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा इतकी दमट असते की ओलं केलेलं चामडं लवकर वाळत नाही आणि चिकटवायचं रबर सोल्यूशन सुकायला दुप्पट वेळ लागतो. बोटाच्या पेराने टेकून तार ओढली जात नाही, तेव्हाच जोडायचं. साईड प्लास्टिकमध्ये कधीच गुंडाळू नये, बुरशी धरते. सुती चादरीत, गुळगुळीत बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळायची आणि भिंतीला टेकवायची नाही. पांढरी बुरशी दिसली तर खोलीबाहेर नेऊन कोरड्या कापडाने पुसायची, वारा लागू द्यायचा. गणपतीआधी ढोलपथकांच्या पट्ट्यांची घाई असते आणि हवा नेमकी तेव्हाच ओली, म्हणून त्या ऑर्डरी मी जूनच्या सुरुवातीलाच घेते.

दराचा हिशेब एका पाकिटावर मांडते. समजा चामडं २०० रुपये चौरस फूट, वाया जाणारं धरून दोन फूट, म्हणजे ४००. दोरा, सोल्यूशन, मेण, डबी मिळून ८०. सहा तास, तासाला १५० प्रमाणे ९००. झाले १,३८०. त्यावर भाडं, वीज, अवजारांची झीज म्हणून १५ टक्के, आणि त्यावर २० टक्के नफा. पाकीट १,९०० च्या खाली परवडत नाही. स्वतःचे तास न मोजणारे लोक हेच पाकीट ८०० ला देतात आणि वर्षभरात दुकान बंद करतात. ५० टक्के आगाऊ घेतल्याशिवाय चामड्याला रापी लावायची नाही, कारण नाव कोरलेला पट्टा दुसऱ्याला विकता येत नाही. उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करावी. मालाच्या विक्रीला जीएसटी नोंदणीची मर्यादा महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांची उलाढाल आहे, मात्र राज्याबाहेर माल पाठवायचा असेल तर नियम वेगळे लागतात, ते आधी सीएकडून समजून घ्यावेत.

माल देताना सोबत एक चिठ्ठी असते: पट्टा भिजला तर पुसून सावलीत आडवा पसरावा, हीटर किंवा ड्रायर लावू नये, वर्षातून दोनदा मेण-तेलाचा मलम बोटभर लावावा. मलम घरीच होतो: एक भाग मधमाशीचं मेण, तीन भाग नीट्सफूट तेल (गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेलं), गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून वितळवायचं. त्या चिठ्ठीच्या मागे पट्ट्याचं माप, चामड्याची जाडी आणि दोऱ्याचा नंबर लिहिलेला असतो, आणि तेच माझ्या वहीत. पुढच्या वेळी तेच गिऱ्हाईक आलं की पुन्हा माप घ्यावं लागत नाही.