लुतुर

आमच्या कामात सही फार सांभाळून करावी लागते. एकदा मुलाच्या कागदावर 'दोन्ही कान, तीव्र श्रवणदोष' असं लिहिलं की पुढची सगळी वर्षं तो कागद त्याच्या पुढे पुढे चालतो. शाळा, दाखला, मशीन, लग्न, सगळीकडे. झारखंडमधल्या त्या शाळेच्या वर्गात मी तशी सही करायला पेन उघडलं होतं.

मी श्रवणतज्ज्ञ आहे. माहेर परतवाड्याचं, शिक्षण मुंबईत वांद्र्याला आणि पहिली पाच वर्षं नोकरी मेळघाटात. तिथे धारणी आणि चिखलदऱ्याच्या गावांतून मुलांचे कान तपासत फिरायचं. कोरकू बोलता यावी इतकी मी कधी शिकले नाही, याची खंत आहे. पण आमच्याबरोबरची कोरकू मदतनीस ताई रोज जीपमध्ये दोन शब्द शिकवायची आणि संध्याकाळी परत विचारायची. कान, डोळा, हात, पाणी, कोंबडी, वाघ. आमच्या तपासणीला लागतात तेवढेच. पुढे नोकरी बदलली आणि शिबिरांसाठी देशभर जावं लागलं, तरी ते शब्द डोक्यात राहिले.

त्या फेब्रुवारीत पश्चिम सिंहभूम जिल्ह्यात शिबिर होतं. दुपारी बडनेऱ्याला गीतांजली पकडली. साधारण हजार किलोमीटरचा प्रवास. मला या गाडीचं एक आवडतं. नकाशावर सरळ पूर्वेला जाणारी एक रेघ दिसते, पण डब्यात बसलं की भाषा थरांसारख्या बदलत जातात. नागपूरपर्यंत भोवती वऱ्हाडी आणि हिंदीची मिसळ. गोंदियानंतर अंधारात डोंगरगडच्या टेकडीवर बम्लेश्वरीच्या देवळाचे दिवे दिसले, तेव्हा शेजारच्या बाईंनी हात जोडून छत्तीसगढीत काहीतरी पुटपुटलं. समोर एक बंगाली कुटुंब होतं. मुंबईला आईवर कॅन्सरचे उपचार करून परत निघालेलं. मुलगा आईशी बंगालीत, फोनवर डॉक्टरांशी इंग्रजीत आणि चहावाल्याशी हिंदीत बोलत होता. आई मात्र फक्त बंगालीत दुखणं सांगत होती. पहाटे राउरकेलाला ओडिया ऐकत जाग आली आणि सकाळी चक्रधरपूरला उतरले.

आवाज मोजणं हाच धंदा असल्यामुळे असेल, पण प्रवासात मी शब्दांच्या अर्थापेक्षा नाद जास्त ऐकते. आणि चक्रधरपूरच्या फलाटावर डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायकांचं बोलणं कानावर पडलं तेव्हा मी चालता चालता थांबले. कळत काहीच नव्हतं, तरी शब्दाच्या शेवटी आवाज जसा घशात अडकून तुटतो तो मी आधी ऐकला होता. कुठे, ते मात्र आठवेना. शिबिराची गाडी न्यायला आली होती, मी बसले.

शिबिर चाईबाशाच्या पुढे एका गावातल्या शाळेत होतं. कान तपासायला जागा म्हणून पाचवीचा वर्ग दिला होता. खिडक्यांना दोन सतरंज्या टांगून जेवढी शांतता मिळाली तेवढी. पण शाळेपासून थोड्याच अंतरावर रेल्वेमार्ग, आणि लोहखनिजाने भरलेल्या मालगाड्या एकामागून एक. गाडी आली की मशीन बंद करायचं, डबे संपेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा सुरू. त्यातच भाषांतर करणारी सहिया (आपल्याकडची आशा, तिकडे तिला सहिया म्हणतात) एका बाळंतिणीबरोबर दवाखान्यात गेली होती. दुपारपर्यंत यायची नव्हती.

अकराच्या सुमाराला आजी आणि नातू आले. पोरगा आठ-नऊ वर्षांचा. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कागद, आधीच्या कुठल्यातरी शिबिरातला: दोन्ही कान ८० डेसिबल, म्हणजे त्याहून हळू आवाज ऐकूच येत नाही. त्या कागदावर श्रवणयंत्र मंजूर झालं होतं आणि ते माझ्या पेटीत त्याच्या नावाची चिठ्ठी लावून तयार होतं. मी फक्त खात्री करून बसवायचं होतं.

सोबत आलेले मास्तर हिंदीत म्हणाले, "मॅडम, हा वर्गात कशालाच उत्तर देत नाही. आणि बोलला तर केवढ्याने ओरडतो बघा." ते खरंच होतं. पोरगा आजीला काहीतरी म्हणाला ते पटांगणापर्यंत गेलं असेल. ज्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो मोठ्याने बोलतो, हे आम्ही पहिल्याच वर्षी शिकतो. लक्षण जुळत होतं.

मी हेडफोन लावले आणि खुणेने दाखवलं: आवाज आला की एक चिंचोका वाटीत टाक. दोनदा स्वतः टाकून दाखवला. लहान मुलांची तपासणी अशी खेळातूनच होते, त्याला भाषा लागत नाही असं आम्ही मानतो. पोराने चिंचोका मुठीत धरला आणि तो पुतळ्यासारखा बसला. ४० डेसिबलला काही नाही. ६० ला नाही. ८० ला पापणी हलली, हात नाही. मास्तर मागून म्हणाले, "डालो ना बेटा, डालो!" मूठ आणखी घट्ट झाली.

पडद्याची तपासणी चांगली आली. पण तेवढ्याने काही ठरत नाही, दोष आतल्या कानात असला तरी पडदा चांगलाच दिसतो. ज्या मशीनने मुलाच्या उत्तराशिवाय आतल्या कानाचा अंदाज येतो, ते त्या आठवड्यात आमच्या दुसऱ्या गटाकडे रायपूरला होतं. मध्येच मालगाडी आली, आणि ती मला ऐकू येण्याआधी पोराने खिडकीकडे पाहिलं. मनात पाल चुकचुकली. पण बहिऱ्या मुलांना जमिनीची थरथरही कळते, म्हणून तेही मी बाजूला ठेवलं.

बाहेर साठ-सत्तर माणसं उन्हात उभी होती. मी अर्ज पुढे ओढला.

तेवढ्यात आजी उठली. तिने स्वतःच्या कानावर दोन थापा मारल्या, नातवाकडे बोट केलं आणि रागाने, भराभर काहीतरी बोलली. त्या सगळ्या प्रवाहात एक शब्द मला स्वच्छ ऐकू आला. लुतुर.

कोरकूत कानाला लुतुर म्हणतात.

फलाटावर काय ओळखीचं वाटलं होतं ते त्या क्षणी कळलं. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं: इथली 'हो' नावाची भाषा, मुंडारी, संथाली आणि आपल्या मेळघाटातली कोरकू या सगळ्या मुंडा कुळातल्या. आपल्या मराठीशी नातं नसलेल्या, तिकडे दूर कंबोडियाच्या ख्मेरशी नातं सांगणाऱ्या. १९०६ साली छापलेल्या सरकारी भाषा-सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडातही त्या एकत्रच आहेत. २०११च्या जनगणनेत हो बोलणारे चौदा लाखांहून जास्त आणि कोरकू बोलणारे सात लाखांहून जास्त. पण मध्ये अख्खं छत्तीसगड पडतं, आणि नागपूर-रायपूरच्या वाटेवर कोणी कोणाला भेटत नाही. मला तर ते नातं परीक्षेपुरतंच माहीत होतं.

मी माझा कान धरला आणि म्हटलं, "लुतुर?"

आजी बोलायची थांबली. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं, मग नातवाकडे. तो डोळे विस्फारून माझ्याकडे बघत होता. मी डोळ्याला बोट लावलं, "मेद." हात वर केला, "ती." खिडकीबाहेरच्या कोंबडीकडे दाखवलं, "सीम." पोरगा हसला, सकाळपासून पहिल्यांदा. त्याची मूठ सुटली आणि चिंचोका टेबलावर पडला.

मी चित्रांचा गठ्ठा काढला. वाघ. "कुला." त्याने मान हलवली. पुढची दोन कार्डं हातातून निसटून खाली पडली, ती उचलायला मी टेबलाखाली वाकले. माझं तोंड त्याला दिसत नव्हतं. वरचं कार्ड कुत्र्याचं होतं. मी तिथूनच, स्वतःशी पुटपुटावं तसं म्हटलं, "सीता."

वरून खणखणीत आवाज आला, "सेता!"

मी तशीच वाकून राहिले. कोरकूत कुत्र्याला सीता म्हणतात, होमध्ये सेता. एका स्वराचा फरक. मी हळू बोलले होते, तोंड टेबलाआड होतं, ओठ वाचायची सोय नव्हती. ८० डेसिबलची बहिरेपणाची नोंद असलेल्या मुलाने ई आणि ए यांतला फरक पकडून माझी चूक दुरुस्त केली होती.

नंतरची तपासणी दहा मिनिटांत झाली. मी त्याच्या पाठीमागे उभी राहून कुजबुजत एकेक शब्द म्हणायची आणि तो चित्रावर बोट ठेवायचा. एकही चुकलं नाही. मग पुन्हा हेडफोन. आता वाटीत चिंचोके टपटप पडू लागले. बाहेरचा गोंगाट धरूनही २० डेसिबलला तो नेमका टाकत होता. त्याचे कान माझ्यापेक्षा चांगले होते. सकाळी तो परीक्षेला बसला होता. मास्तर मागे उभे, समोर अनोळखी बाई, आणि शाळेत न विचारता कशाला हात लावायचा नाही हे त्याला पक्कं ठाऊक. आमचा 'भाषा न लागणारा' खेळ. पण हा खेळ आहे, चुकलं तरी चालेल, हे सांगायलाच भाषा लागते. मेळघाटात ते काम ती मदतनीस ताई करायची, मला ते दिसायचंच नाही.

मग तो एवढ्याने का ओरडत होता?

उत्तर समोरच बसलं होतं. तो माझ्याशी साध्या आवाजात बोलत होता, मास्तरांशी तर जवळजवळ नाहीच. ओरडत होता तो फक्त आजीशी, तिच्या उजव्या खांद्याला चिकटून. आजीने माझं 'लुतुर' माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखलं होतं. मी तिच्या पाठीमागे जाऊन टाळी वाजवली. ती वळली नाही.

सहिया दोनला आली, तेव्हा सगळं उलगडलं. आईबाप वीटभट्टीवर, पोरगा तान्हेपणापासून आजीकडे. घरात बोलायचं म्हणजे ओरडायचं, हेच तो शिकला. आणि आजी मघाशी रागाने काय म्हणत होती? "याचे कान चांगले आहेत, मीच त्याच्या कानांनी ऐकते," असं. सहियाने ते हिंदीत सांगितलं तेव्हा मास्तर खाली बघत राहिले. त्यांना मी दोष देत नाही. ते परक्या जिल्ह्यातून आलेले, चाळीस मुलं, आणि हो शिकायला त्यांना कोणी वेळ दिला नव्हता. मी तर त्या कागदावर सही करायला निघाले होते.

आजीला मी तपासलं, पण खेळ शिकवला नातवाने. हेडफोन लावून तिचा हात धरला, "ती, ती" म्हणत वर केला, खाली केला, आणि आवाज नसताना तिने चिंचोका टाकला की तो परत काढून तिच्या हातात द्यायचा. उजवा कान ६५, डावा त्याहून वाईट, पडद्याला जुनं भोक. उजव्याला मशीन नक्की उपयोगी पडलं असतं. ते माझ्या पेटीत होतं. पण चिठ्ठीवर नाव नातवाचं.

मी अधिकाऱ्यांना फोन केला. नाव बदलता येत नाही, मुलाचं मशीन परत पाठवा, आजीचा नवा अर्ज करा, उत्पन्नाचा दाखला जोडा. नियम म्हणून ते बरोबर असेल. तरी ते यंत्र पेटीत बंद करून आजीसमोरून उचलताना मला फार वाईट वाटलं, आजही वाटतं. पोराच्या जुन्या कागदावर मी आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'दोन्ही कान सामान्य', तारीख, सही. तो कागद आजीने पुन्हा त्याच पिशवीत घातला.

निघायच्या आधी तो मला अंक म्हणून दाखवत होता. मियद, बरिया, अपिया, उपुनिया, मोया. मी मेळघाटातले सांगितले, मिया, बारी, आफई, उफून, मोनोई. प्रत्येक अंकाला तो आजीच्या कानाशी तोंड नेऊन ते ओरडून सांगायचा आणि ती मान डोलवायची.

आजीचं मशीन पावसाळ्यात आलं. सहियाने फोन करून कळवलं की ती ते फक्त बाजाराच्या दिवशी लावते, सेल जपते. मी सहियाकडे एक काम मागितलं होतं: तपासणीसाठी होमधले वीस सोपे शब्द, एखाद्या मुलाच्या आवाजात. तिने कोणाचा आवाज घेतला ते मला पहिल्या शब्दालाच कळलं. सातव्या शब्दावर तो थांबतो, हळूच "सीता" म्हणतो, मागे कोणीतरी हसतं, आणि मग स्पष्ट, माइकला तोंड लावून: "सेता."