डाव्या कपाळावरचा डाग

आज बाळाला चार महिने पूर्ण झाले. तिच्या डाव्या कपाळापासून वरच्या पापणीपर्यंत जन्मापासूनच गडद लाल डाग आहे. ती रडू लागली की तो जांभळट दिसतो आणि बोटाने हलकेच दाबला तर क्षणभर फिका पडून पुन्हा भरून येतो. भेटायला येणारा प्रत्येक जण 'मोठी झाली की जाईल' असे म्हणायचा, आणि मलाही तेच ऐकायचे होते. नवजात बाळांच्या पापण्यांवरचे फिकट गुलाबी डाग बहुधा काही महिन्यांत विरतात हे खरे, पण हा त्यांतला नाही. हा पोर्ट-वाइन स्टेन आहे, म्हणजे त्वचेतील बारीक रक्तवाहिन्या जन्मतःच रुंदावलेल्या असल्यामुळे पडलेला डाग, आणि तो आपोआप जात नाही.

बालरोगतज्ज्ञांनी रंगापेक्षा जागेकडे अधिक लक्ष दिले. डाग कपाळावर असला की स्टर्ज-वेबर सिंड्रोमची शंका घ्यावी लागते, म्हणजे त्याच बाजूला मेंदूच्या आवरणातील रक्तवाहिन्याही सदोष असू शकतात. असा डाग असलेल्या बहुसंख्य मुलांना हा विकार नसतो, हेही त्यांनी लगेच सांगितले. पण असलाच तर फिटचे झटके बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतात, आणि मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवत असल्यामुळे ते उजवीकडे दिसतील. तेव्हापासून माझी नजर डागावरून तिच्या उजव्या मुठीवर आली आहे. दूध पिताना ती मूठ एका लयीत थरथरली, तर धरल्यावर थरथर थांबते का ते पाहायचे (फिटचा झटका धरूनही थांबत नाही), मोबाइलवर चित्रीकरण करायचे आणि थेट रुग्णालय गाठायचे.

गरोदरपणात माझेच काही चुकले का, हा प्रश्न मी कितीतरी रात्री उगाळला. असा डाग ज्यामुळे पडतो तो जीएनएक्यू या जनुकातील बदल गर्भाच्या वाढीत एखाद्या पेशीत आपसूक घडतो, हे २०१३ साली संशोधकांनी दाखवून दिले आहे. तो आईवडिलांकडून येत नाही. हे वाचले तेव्हा मी बराच वेळ रडले.

मेंदूचा एमआरआय झाला, त्यात काही आढळले नाही. मात्र इतक्या लहान वयात दोष कधी कधी दिसून येत नाही, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहता येणार नाही. पापणीवर डाग असल्याने काचबिंदूचाही धोका आहे; डोळ्यातील दाबाची तपासणी सोमवारी आहे. आत्ता ती झोपली आहे आणि उजवी मूठ सैल उघडी आहे.