तुम्ही विचारलंत म्हणून: दादाच्या वेळी मी खोटं का बोललो

"बाटली जवळ असताना डॉक्टरांना सांगितली का नाहीस?" दादा फवारणीचं औषध पिऊन गेला, त्याला दहा वर्षं झाली, तरी निपाणीच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात कुणीतरी विचारतंच. तर सांगतो.

मला भारतीय दंड संहितेतल्या कलम ३०९ ची भीती होती. जीव द्यायचा प्रयत्न केला तर वर्षापर्यंत कैद. कायदा १८६० चा. विधी आयोगानं १९७१ मध्येच ते काढायला सांगितलेलं, डिसेंबर २०१४ मध्ये केंद्रानंही काढणार म्हणून जाहीर केलेलं. आमच्यावर वेळ आली जून २०१५ मध्ये, तेव्हा कलम पुस्तकात होतंच. "त्यात आत गेलंय कोण?" म्हणता. आमच्या माहितीत कुणी नाही, खरं आहे. पण आमच्या गल्लीतला एक जण वाचला, तर घरच्यांना सहा महिने ठाण्याच्या चकरा आणि 'मिटवायला' म्हैस विकावी लागली. कोर्टापर्यंत काहीच गेलं नाही.

दादाला जीपमधून कोल्हापूरला नेत होतो. कर्नाटकाच्या हद्दीवरचा कोगनोळीचा टोलनाका मागे पडला तेव्हा वाटलं, चला, आपले पोलीस मागे राहिले. कलम दोन्हीकडे तेच, हे माहीत असून वाटलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुठलं औषध?" माहीत नाही म्हणालो. "बाटली?" नाही. फवारताना वास लागला असेल, असंही वर सांगितलं. बाटली माझ्याच हातातल्या कापडी पिशवीत होती, टॉवेलात गुंडाळलेली. डॉक्टर तीनदा विचारून गेले. अर्धा तास गेला. शेवटी वहिनीनं पिशवी माझ्या हातातून ओढून घेतली आणि बाटली टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

त्या अर्ध्या तासानं फरक पडला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. कायद्यानं माझं तोंड बांधलं, असं मी बरीच वर्षं म्हणत आलो. पण कायदा वहिनीलाही तोच होता. मग मी दादाच्या कैदेला भ्यालो की गावात होणाऱ्या चर्चेला? अजून ठरत नाही.

२०१८ मध्ये मानसिक आरोग्य कायदा लागू झाला. असा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं, शिक्षा करायची नाही, असं त्यात आहे. जुलै २०२४ पासून तर ३०९ गेलंच. तरी मागच्या पावसाळ्यात रात्री एका ओळखीच्याचा फोन आला, "दवाखान्यात काय सांगू?" मी ओरडलोच, "खरं सांग, बाटली घेऊन जा."

वहिनीनं मात्र मला आजवर एकदाही विचारलेलं नाही.