आमची वाटचाल: आधी आकडे, मग फॉरमॅट

सुरुवातीच्या काळात आमच्या पीसी दुरुस्तीच्या टेबलावर येणाऱ्या हार्ड डिस्क 20 एमबीच्या असत. सीगेटची एसटी-225 म्हणजे 615 सिलिंडर (तबकड्यांवरची वर्तुळं), 4 हेड (वाचणारी-लिहिणारी टोकं), 17 सेक्टर (एका वर्तुळाचे तुकडे). हे आकडे पाठच ठेवावे लागत, कारण ती डिस्क स्वतःची ओळख सांगत नसे. डॉसच्या डीबग या प्रोग्राममधून जी=सी800:5 ही आज्ञा देऊन लो-लेव्हल फॉरमॅट करायचं, म्हणजे डिस्कवर सेक्टर नव्याने आखायचे, आणि लेबलवर छापलेले खराब ट्रॅक एकेक करून हाताने भरायचे. आयडीई डिस्क (कंट्रोलर डिस्कवरच असलेल्या) आल्यावर ते काम कारखान्यातच होऊ लागलं.

आता जुने पीसी येतात ते मुख्यतः कारखान्यातल्या मशीनला जोडलेले, नाहीतर अजून डॉसवर (विंडोजच्या आधीची प्रणाली) हिशेब चालतो अशा पेढ्यांमधले. तक्रार ठरलेली: "डिस्क गेली." पुष्कळदा गेलेला असतो तो बोर्डावरचा सेल. 3 व्होल्टचा सीआर2032 उतरला की बायोस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्राम) डिस्कची नोंद विसरतो. (386-486 च्या बोर्डांवर डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली बॅटरी असते. ती पाझरली की बोर्डावरच्या आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाते, म्हणून आधी तीच बघतो.) सेल बदलून बायोसच्या सेटअपमध्ये एलबीएच्या (सेक्टरना सरळ क्रमांक देण्याची पद्धत) जागी 'नॉर्मल' मोड निवडला गेला, तर पडद्यावर 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टिम' येऊ शकतं. डेटा जागच्या जागी असतो, बायोस मात्र भलत्याच सेक्टरवर जाऊन शोधतो. अशा वेळी फॉरमॅट मारलं, की न गेलेली डिस्क आपणच घालवली. म्हणून मोड फिरवून बघितल्याशिवाय आणि डेटाची नक्कल काढल्याशिवाय आम्ही फॉरमॅटला हात लावत नाही.

दुसरी डिस्क बसवताना पॉवरच्या पिनांवर मीटर लावतो: लाल तारेवर 5, पिवळीवर 12 व्होल्ट, फरक पाच टक्क्यांच्या आत. 80 तारांच्या केबलचं निळं टोक बोर्डाला, काळं मास्टरला (पहिली डिस्क), राखाडी स्लेव्हला (दुसरी डिस्क). केबलवर एकच डिस्क असेल तर ती काळ्या टोकाला, जंपर (डिस्कच्या पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर.

मग बायोसची मर्यादा. एलबीए नसलेल्या बोर्डाला 1024 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर, म्हणजे 504 एमबीच्या पुढचं दिसत नाही. पुढच्या काळातले काही बोर्ड 32 जीबीच्या वरची डिस्क लावली की ओळख पटवतानाच अडकतात. अशा डिस्कवर क्षमता कमी दाखवणारा जंपर असेल तर तो लावतो.

विंडोज 98 च्या एफडिस्कमध्ये (डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन पाडणारा प्रोग्राम) 'लार्ज डिस्क सपोर्ट'ला वाय दिलं की फॅट32 (मोठ्या पार्टिशनची फाइल-पद्धत) मिळतं, एन दिलं की जास्तीत जास्त 2 जीबीचं पार्टिशन. मूळ एफडिस्क 64 जीबीच्या पुढे चुकतं आणि 80 जीबीची डिस्क साधारण 10 जीबीची दाखवतं. त्याची सुधारित आवृत्ती जवळ ठेवावी. नुसतं डॉसचं पार्टिशन हाताने केलं असेल, तर ते ॲक्टिव्ह (ज्यातून पीसी सुरू होतो) करायला विसरू नये. मग रीस्टार्ट, आणि फॉरमॅट सी: /एस (/एसमुळे डॉसच्या मूळ फाइलीही डिस्कवर जातात).

काम झालं की सिलिंडर, हेड, सेक्टर, मोड आणि सेल बदलल्याची तारीख कागदावर लिहून कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवतो. पुढच्या खेपेला सेल उतरेल तेव्हा हेच आकडे लागतात.