सहा क्वार्टच्या स्लो कुकरमध्ये दोघांचा स्वयंपाक : माझा अनुभव

अमेरिकेत दुकानात सहज मिळतो तो सहा क्वार्टचा, म्हणजे साधारण पावणेसहा लिटरचा स्लो कुकर, मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं. आमच्या घरात माणसं दोन. सोबतच्या पुस्तिकेत ‘भांडं निम्मं ते पाऊण भरावं’ एवढं एकच वाक्य आणि पुढे सगळ्या पाककृती सहा-आठ जणांच्या. कमी भरलं तर काय होतं आणि मग करायचं काय, याबद्दल अवाक्षर नाही. याचा मला आजही राग येतो, कारण खरी अडचण तिथेच आहे.

बहुतेक स्लो कुकरची तापणारी तार बाजूच्या भिंतीत गोल फिरवलेली असते. अर्धा कप तूरडाळ आणि दोन कप पाणी एवढ्या रुंद भांड्यात घातलं की जेमतेम दीड सेंटिमीटरचा थर होतो. त्याच्या वरची कोरडी भिंत डाळीपेक्षा जास्त तापते. मग कडेला आधी पिवळी, नंतर तपकिरी रेघ उमटते, ती खरपूस होऊन चिकटते आणि तिचा जळका वास सगळ्या वरणाला लागतो. मधली डाळ बोटांत दाबली तर अजून कणी लागत असते. बटण ‘हाय’ऐवजी ‘लो’वर ठेवून हे टळत नाही, फक्त उशिरा होतं. ‘लो’ आणि ‘हाय’ शेवटी उकळीच्या जवळपास सारख्याच तापमानाला पोचतात, फरक पोचायला लागणाऱ्या वेळेचा. पाणी वाढवलं तर वरणाचं पाणीच होतं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे भांड्यात भांडं. प्रेशर कुकरमधलं स्टीलचं भांडं घ्यायचं, पण ते स्लो कुकरच्या भिंतीला कुठेही टेकता कामा नये आणि वरचं झाकण सपाट बसलं पाहिजे. झाकण जरा जरी उचललेलं राहिलं तरी वाफ निघून जाते आणि डाळ शिजत नाही. तळाशी प्रेशर कुकरची जाळी ठेवावी. आतल्या भांड्याच्या निम्म्या उंचीपर्यंत बाहेर गरम पाणी घालावं. डाळीतही उकळतंच पाणी घालावं, पण स्लो कुकरचं चिनी मातीचं भांडं आधीच तापलेलं असेल तर त्यात गार पाणी कधीही ओतू नये, तडा जातो. आतल्या भांड्यावर ताटली हवीच, नाहीतर झाकणाची वाफ ठिबकून वरण पांचट होतं. तासभर भिजवलेली अर्धा कप डाळ आणि दीड कप पाणी ‘हाय’वर साडेतीन तासांत मऊ होते.

भांडं काठाचं घ्या. बिनकाठाचं असेल तर सांडशी धरायला जागाच मिळत नाही आणि गरम पाण्यातून ते वर काढणं धोक्याचं.

चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की डाळ तासन्‌तास शिजत नाही. मधेमधे झाकण उघडून बघू नये, प्रत्येक वेळी वीस-तीस मिनिटं वाढतात.

हाडांसकट अर्धा किलो चिकन आतल्या भांड्याशिवायही होतं. तुकडे एकमेकांना चिकटून मधोमध रचायचे, कांदा खाली, आणि ‘लो’वर सात तासांऐवजी चौथ्या तासाला बघायचं. गोठलेलं चिकन थेट घालू नये, ते फार वेळ कोमट राहतं आणि जंतू वाढतात.

राजम्याचं मात्र थोड्या प्रमाणातही धाडस नको. तो किमान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात गॅसवर खळखळ उकळावा. दहा मिनिटं तरी हवीतच, मी अर्धा तास उकळते. मगच स्लो कुकरमध्ये. मंद आचेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्याहूनही बाधक ठरू शकतो.

भारतात परतताना हा कुकर नेणार असाल तर तो 120 व्होल्टचा आहे. आपल्याकडच्या 230 व्होल्टवर थेट लावला तर जळेल. सोबत पुरेशा वॅटचा ट्रान्सफॉर्मर लागेल.