गेटिसबर्गची रणभूमी: ऑडिओ टूर ऐकत, जमीन पाहत

अमेरिकेतील यादवी युद्धाची सर्वांत मोठी लढाई 1 ते 3 जुलै 1863 या तीन दिवसांत पेनसिल्व्हेनिया राज्यातील गेटिसबर्ग या गावाभोवती झाली. त्या रणभूमीची सुमारे 6000 एकर जमीन आज राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलेली आहे. तिच्यातून 24 मैलांचा, म्हणजे साधारण 39 किलोमीटरचा मोटारमार्ग आखलेला आहे आणि त्यावरील 16 थांब्यांवर ऑडिओ टूर ऐकत स्वतःच्या गाडीने फिरता येते. न्यू जर्सीच्या एडिसन भागातून येथे साधारण तीन तासांत पोहोचता येते आणि वॉशिंग्टनहून त्याहूनही कमी वेळ लागतो. तिकडे राहणाऱ्या किंवा मुलांकडे गेलेल्या मराठी वाचकांना उपयोग व्हावा म्हणून आमच्या भेटीचा हा वृत्तांत लिहीत आहे. सर्वांत महत्त्वाचे ते आधीच सांगतो. चालत्या गाडीत ऐकलेले निवेदन ही सेनापतींच्या नावांची लांबलचक यादी होऊन बसते. तेच निवेदन थांब्यावर उतरून, सांगितलेल्या दिशेला तोंड करून ऐकले, तर कोणत्या टेकडीसाठी माणसे का मेली हे डोळ्यांसमोर उलगडते.

जाण्यापूर्वी लढाईची एवढी पार्श्वभूमी मनात पक्की असावी. गुलामगिरी टिकवण्यासाठी संघराज्यातून फुटलेल्या दक्षिणेकडील राज्यांचे सुमारे 70,000 सैन्य जनरल रॉबर्ट ली याच्या नेतृत्वाखाली उत्तरेच्या मुलखात शिरले होते. त्याच्या पाठलागावर असलेल्या संघराज्याच्या, म्हणजे उत्तरेच्या, 90,000 हून अधिक सैन्याची सूत्रे जॉर्ज मीडकडे लढाईच्या अवघे तीन दिवस आधी, 28 जूनला आली होती. गेटिसबर्ग हे तेव्हा सुमारे 2400 वस्तीचे गाव होते, पण चारी बाजूंचे रस्ते तेथे एकत्र येत असल्यामुळे दोन्ही सैन्ये तिथे ओढली गेली. ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो तो दिशांचा, कारण पहिल्या दिवशी दक्षिणेचे सैन्य पश्चिमेकडून आणि उत्तरेकडून आले, तर उत्तरेचे सैन्य दक्षिणेकडून आले. ही गोष्ट लक्षात ठेवली नाही, तर पहिल्या तीन थांब्यांवरचे निवेदन उलटे ऐकल्यासारखे वाटते.

उद्यानात फिरायला तिकीट नाही. अभ्यागत केंद्रातील संग्रहालय, माहितीपट आणि सायक्लोरामा यांचे मात्र एकत्रित तिकीट काढावे लागते आणि ते काढावेच, असे माझे मत आहे. युद्ध का झाले, गुलामगिरीचा त्यात वाटा काय होता, हे संग्रहालय जितके स्पष्ट सांगते तितके स्पष्ट रणभूमीवरचे निवेदन सांगत नाही. आम्ही ऐकलेल्या निवेदनाचा भर तुकड्यांच्या हालचालींवर आणि शौर्यावर अधिक होता. सायक्लोरामा हे पॉल फिलिपोतो या फ्रेंच चित्रकाराने 1880 च्या दशकात रंगवलेले वर्तुळाकार चित्र आहे. त्याची लांबी 377 फूट आणि उंची 42 फूट आहे. प्रेक्षक मध्यभागी उभा राहतो आणि तिसऱ्या दिवसाचा हल्ला त्याच्या चहूबाजूंना पसरलेला असतो. मागाहून प्रत्यक्ष त्या जागी उभे राहिल्यावर चित्रातील झाडांचा पुंजका, दगडी कुंपण आणि लांबवरच्या टेकड्या ओळखता येतात, म्हणून हे चित्र फिरायला निघण्यापूर्वी पाहावे.

ऑडिओ टूरचे पर्याय अनेक आहेत. मोबाइलवरील ॲप जीपीएसच्या आधारे गाडी थांब्याजवळ येताच निवेदन आपोआप सुरू करतात. अमेरिकन बॅटलफील्ड ट्रस्ट या संस्थेचे असे ॲप विनामूल्य मिळते आणि इतरांची विकतही मिळतात. कोणतेही निवडा, पण निवेदन आणि नकाशे घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या आणि गाडीत चार्जर ठेवा. आपोआप सुरू होणारे निवेदन बऱ्याचदा गाडी वळणावर असतानाच बोलू लागते, त्यामुळे चालकाशेजारी बसणाऱ्याने फोन हाती घेऊन ते थांबवावे आणि सगळे खाली उतरल्यावर पुन्हा सुरुवातीपासून लावावे. उद्यानातील बरेच रस्ते एकदिशा आहेत. एखादे वळण चुकले तर मागे फिरता येत नाही आणि मोठा वळसा पडतो, म्हणून केंद्रात मिळणारा छापील नकाशा जवळ असू द्यावा. ज्यांना प्रश्न विचारत पाहायचे आहे त्यांच्यासाठी येथे परवानाधारक मार्गदर्शकांची 1915 पासून चालत आलेली परंपरा आहे. हे मार्गदर्शक अवघड परीक्षा देऊन आलेले असतात आणि आपलीच गाडी स्वतः चालवत सुमारे दोन तास रणभूमी दाखवतात. त्यांची नोंदणी आधी करावी लागते. इंग्रजी निवेदन भरभर समजत नाही अशी ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर मात्र ऑडिओ टूरच सोयीची. हवे तिथे ती थांबवता येते आणि मराठीत समजावून सांगून पुढे जाता येते. आम्ही असेच केले आणि त्यामुळे आमचेही ऐकणे अधिक नीट झाले.

निवेदनात फारशी न येणारी, पण फिरताना सतत उपयोगी पडणारी माहिती म्हणजे तेथील दगडांची भाषा. रणभूमीवर 1300 हून अधिक स्मारके आणि फलक आहेत. उत्तरेच्या पलटणींची स्मारके बहुधा त्या पलटणीने जिथे फळी धरली होती तिथेच उभी आहेत आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना काही अंतरावर गुडघ्याएवढे छोटे दगड आहेत. ते दगड म्हणजे पलटणीच्या फळीचे डावे आणि उजवे टोक. दोन्ही दगड शोधून त्यांच्यामधले अंतर चालून पाहिले की शेकडो माणसे खांद्याला खांदा लावून किती जागेत उभी होती याचा अंदाज येतो. ब्रिगेडच्या धातूच्या फलकाखालचा चौथरा चौकोनी असेल तर ते उत्तरेचे सैन्य आणि गोल असेल तर दक्षिणेचे. नळी आकाशाकडे करून उभी रोवलेली तोफ दिसली की ते सेनापतीचे ठाणे समजावे. हिरवट पडलेल्या तोफा ब्राँझच्या, तर काळ्या तोफा लोखंडाच्या आहेत. लढाईच्या दुसऱ्याच वर्षी, 1864 मध्ये, जमीन जपण्यासाठी स्थानिकांनी संस्था स्थापन केली आणि लढलेले सैनिक हयात असतानाच या खुणा बसवल्या गेल्या, म्हणून हे शक्य झाले. पानिपत आणि असई येथेही फळ्यांच्या जागा अशा वेळीच दगडात कोरल्या गेल्या असत्या तर आपल्याला किती कळले असते, हा विचार तिथे वारंवार मनात येत राहिला.

पहिल्या दिवसाचे थांबे गावाच्या वायव्येला आहेत. मॅकफर्सन रिज येथे बुफोर्डच्या घोडदळाने सकाळी दक्षिणेच्या पायदळाला अडवून धरले आणि मदतीला आलेला जनरल रेनल्ड्स तिथेच मारला गेला. ओक रिजवर निरीक्षण मनोरा आहे. त्यावर चढून गावाकडे पाहिल्यास उत्तरेचे सैन्य मागे रेटले जाऊन गावापलीकडच्या टेकड्यांवर का गेले हे एका दृष्टिक्षेपात कळते. येथे अर्धा-पाऊण तास पुरे.

दुसऱ्या दिवसाची जागा मात्र घाईने पाहण्याजोगी नाही. उत्तरेच्या फळीच्या डाव्या टोकाला असलेली लिटल राउंड टॉप ही टेकडी 2 जुलैच्या दुपारी जवळजवळ मोकळी होती. मुख्य अभियंता वॉरन याच्या ते ध्यानात आले आणि व्हिन्सेंटची ब्रिगेड शत्रूच्या थोडीच आधी तिथे पोहोचली. टेकडीची पश्चिम बाजू खडकाळ आणि उघडी असल्यामुळे वरून खालचे खडकांचे रान, गव्हाचे शेत आणि पलीकडची झाडी असे सारे दिसते. दुरुस्तीसाठी ही टेकडी जवळपास दोन वर्षे बंद होती आणि 2024 मध्ये ती पुन्हा खुली झाली. बहुतेक लोक हे दृश्य पाहून परततात, पण तसे करू नये. दक्षिणेकडच्या झाडीतून खाली जाणारी छोटी वाट मेन राज्याच्या विसाव्या पलटणीच्या स्मारकापाशी नेते. दारूगोळा संपत आल्यावर चेंबरलेनच्या या पलटणीने संगिनी लावून उतारावरून जी धाव घेतली, ती जागा पाहून आश्चर्य वाटते, कारण ती अगदी लहान आहे. समोरून चढून आलेले अलाबामाचे सैनिक त्या दिवशी सुमारे 25 मैल चालून आले होते आणि त्यांच्यासाठी पाणी आणायला गेलेली माणसे वाटेत पकडली गेली होती. ती चढण एकदा चढून पाहिली की निवेदनातील हे वाक्य वेगळेच ऐकू येते.

यानंतर पीच ऑर्चर्ड, म्हणजे पीचची बाग. उत्तरेचा जनरल सिकल्स हुकूम नसताना आपले सैन्य पुढे काढून येथे घेऊन आला आणि या निर्णयावरचा वाद आजवर चालू आहे. बागेत उभे राहून मागे पाहावे. त्याला नेमून दिलेली जागा खोलगट आहे आणि बाग किंचित उंच, त्यामुळे त्याला काय वाटले असेल ते समजते. पण बागेची दोन्ही अंगे उघडी आहेत, हेही तितक्याच लवकर दिसते. निर्णय चूकच होता असे माझे मत तिथे झाले. जवळच्या ट्रॉस्टल वाड्यावरील कोठाराच्या विटांच्या भिंतीत तोफगोळ्याने पाडलेले भोक अजून आहे. या कोठाराजवळच सिकल्सने आपला पाय गमावला.

तिसऱ्या दिवसाच्या बाबतीत ऑडिओ टूरचा क्रम बदलून घ्यावा, असा माझा आग्रह आहे. 3 जुलैला झालेला दक्षिणेचा प्रसिद्ध हल्ला जिथून सुटला ते व्हर्जिनिया स्मारक पाचवा थांबा आहे आणि तो जिथे मोडला तो हाय वॉटर मार्क पंधरावा. या दोन्हींच्या मध्ये नऊ थांबे आणि काही तास जातात, त्यामुळे एकाच घटनेची दोन टोके मनात जुळत नाहीत. पाचव्या थांब्यावर गाडी लावून दोन्ही ठिकाणचे निवेदन लागोपाठ ऐकावे आणि मग मधले मैदान पायी पार करावे. अंतर एका बाजूने साधारण एक मैल आहे. गाडीतून हे मैदान सपाट दिसते, पण ते सपाट नाही. चालू लागल्यावर जमीन हळूहळू खोल जाते, समोरची फळी काही क्षण दिसेनाशी होते आणि मग पुन्हा चढाव लागून सगळे अंग एकदम उघडे पडते. सुमारे 150 तोफांचा भडिमार करूनही दक्षिणेचे बरेच गोळे उत्तरेच्या फळीवरून पलीकडे गेले होते. त्यानंतर 12,000 च्या आसपास माणसे या मैदानात उतरली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. त्यांच्या वाटेत एमिट्सबर्ग रस्त्याचे मजबूत लाकडी कुंपण होते आणि गोळीबारात ते चढून ओलांडावे लागत होते. तो रस्ता आजही वाहता आहे, म्हणून मुले बरोबर असतील तर ओलांडताना काळजी घ्यावी. भिंतीच्या कोनापाशी पोहोचल्यावर दक्षिणेचा जनरल आर्मिस्टेड जिथे जखमी होऊन पडला तो दगड आणि उत्तरेच्या तोफखान्याचा 22 वर्षांचा लेफ्टनंट कुशिंग जिथे लढता लढता मेला ती जागा अगदी जवळजवळ आहेत. कुशिंगला अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक 2014 मध्ये, म्हणजे दीडशे वर्षांनंतर मिळाले.

याच उंचवट्यावर एक छोटे पांढरे घर आणि कोठार आहे. तिथे आवर्जून जावे. ते अब्राहम ब्रायन या स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकऱ्याचे. पकडून दक्षिणेत गुलाम म्हणून नेले जाईल या भीतीने तो कुटुंबासह लढाईपूर्वीच निघून गेला होता आणि परत आला तेव्हा शेत उद्ध्वस्त झालेले होते. हे युद्ध कशासाठी चालले होते, हे सांगायला साऱ्या रणभूमीवर याहून योग्य जागा मला दिसली नाही. आम्ही ऐकलेल्या निवेदनात त्याचा उल्लेख ओझरता होता. तो अधिक सविस्तर असायला हवा होता.

शेवटचा थांबा सैनिकांची राष्ट्रीय दफनभूमी. येथे उत्तरेचे 3500 हून अधिक सैनिक अर्धवर्तुळाकार रांगांत पुरलेले आहेत आणि अनोळखी सैनिकांच्या जागी केवळ क्रमांक कोरलेले छोटे चौकोनी दगड आहेत. 19 नोव्हेंबर 1863 रोजी तिच्या समर्पण सोहळ्यात वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि राष्ट्राध्यक्ष लिंकन दोन-तीन मिनिटे. लिंकनचे ते छोटे भाषण आधी वाचून जावे. येथे गाडी आत जात नाही, चालावे लागते. निवेदन ऐकायचे असेल तर इअरफोन लावावेत.

आता काही सूचना. पूर्ण मार्ग नीट पाहायला दोन दिवस ठेवावेत. एकच दिवस असेल तर सकाळी संग्रहालय, नंतर लिटल राउंड टॉप, तिसऱ्या दिवसाचे मैदान आणि दफनभूमी एवढेच निवडावे. जुलैत ऊन फार असते आणि मार्गावर खाण्यापिण्याची सोय नाही, त्यामुळे पाणी आणि डबा जवळ ठेवावा. उंच गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो, म्हणून पूर्ण बाह्यांचे व पायघोळ कपडे घालावेत आणि संध्याकाळी मुलांचे पाय तपासावेत. तोफांवर आणि स्मारकांवर चढू नये, जमिनीतून काहीही उचलू नये, कारण तो गुन्हा आहे. दहा-बारा वर्षांच्या मुलांसाठी ज्युनियर रेंजरची पुस्तिका केंद्रात मागून घ्यावी. ती सोडवताना मुले निवेदनाकडे कान देतात. गुडघेदुखी असलेल्यांना बहुतेक थांबे गाडीपासून थोड्याच पावलांवर आहेत. मैदान पायी पार करणाऱ्यांना पलीकडून आणण्यासाठी मात्र एका चालकाने गाडी हाय वॉटर मार्कजवळ न्यावी.

आणखी एक दिवस हाताशी असल्यास मेरिलँडमधील अँटिटम ही रणभूमी गाडीने तासाभराच्या थोड्या अधिक अंतरावर आहे. तिथेही असाच मोटारमार्ग आणि ऑडिओ टूर आहे, मार्ग बराच लहान आहे आणि गर्दीही कमी असते. ती लढाई 17 सप्टेंबर 1862 ची, म्हणजे आधीच्या वर्षाची. तिच्यानंतर पाचच दिवसांनी लिंकनने गुलामांच्या मुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला, त्यामुळे जमल्यास आधी अँटिटम आणि मग गेटिसबर्ग असा क्रम ठेवावा.