आल्याची सड, आणि मुळात वस्तीला बोलावलेले जिवाणू

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात आमच्या आल्यात चार-पाच झाडांची पानं गुंडाळायला लागली. कोरेगाव तालुक्यातलं आमचं वीस गुंठे आलं, माहीम जातीचं. आबा म्हणाले, "सड लागली." मी दुकानात गेलो, बुरशीनाशक आणलं, आळवणी केली, म्हणजे औषधाचं पाणी झाडांच्या बुडात ओतलं. आठ दिवसांनी पुन्हा केली. मग तिसऱ्यांदा, दुसऱ्या कंपनीचं घेऊन. वाफ्यामागून वाफा पिवळा पडत गेला.

शेवटी कृषी विज्ञान केंद्रातल्या एका साहेबांना बोलावलं. त्यांनी औषधाचं नावही काढलं नाही, काचेचा ग्लास मागितला. स्वच्छ पाणी भरलं, आजारी झाडाचं खोड तिरपं कापलं आणि कापलेलं टोक पाण्यात धरून उभे राहिले. दोन-तीन मिनिटांत टोकातून दुधासारखा बारीक धागा खाली उतरायला लागला. "हे जिवाणू आहेत. राल्स्टोनिया. बुरशीच्या सडीत खोड ओढलं की अलगद हातात येतं. ही जिवाणूजन्य मर आहे." मी केलेल्या तीन आळवण्यांचं काय, विचारलं. ते नुसते हसले. रोग बहुधा बेण्यातूनच, म्हणजे लावलेल्या आल्याच्या तुकड्यांतूनच आला होता. बेणं दिसायला टणक, स्वच्छ होतं. म्हणजे मी तो पैसे मोजून घरी आणला.

त्यांनीच मला आतल्या जिवाणूंबद्दल सांगितलं. प्रत्येक झाडाच्या मुळात, खोडात, पेशींच्या मधल्या फटींत काही जिवाणू राहतातच आणि झाडाला त्यांचा त्रास नसतो. बाजूची मुळं फुटताना जिथं साल तडकते तिथून ते आत शिरतात. काही जण रोगकारक जिवाणूला मारक द्रव्यं सोडतात, काही लोह आधीच पळवतात, काहींमुळे झाड स्वतःच सावध होतं. कोझिकोडच्या भारतीय मसाले संशोधन संस्थेने तर आल्याच्याच पेशींच्या मधल्या फटींतल्या रसातून बॅसिलस लायकेनिफॉर्मिस वेगळा काढला आणि या मरीविरुद्ध वापरला. मला बाजारात मिळाला तो बॅसिलस सबटिलिस. "पण लक्षात ठेवा," साहेब म्हणाले, "धागा दिसल्यावर ओतून उपयोग नाही. रोग यायच्या आधी हे आत राहायला गेले पाहिजेत."

पुढच्या वर्षी प्लॉट बदलला. मार्चमध्ये वाफे पाडून भिजवले आणि उन्हाने माती तापून रोगजंतू मरावेत म्हणून वर प्लास्टिक अंथरलं. घरात पडून होता तो चंदेरी-काळा मल्चिंग पेपर चालत नाही, पारदर्शकच लागतो. ऊन आत शिरलं पाहिजे. हे मला अर्धं रान झाकून झाल्यावर कळलं. आबांनी त्यावर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

बेण्याला आधी रासायनिक प्रक्रिया केली, सावलीत सुकवलं, मध्ये एक दिवस सोडला आणि मग जिवाणूंच्या पाण्यात अर्धा तास बुडवलं. क्रम उलटा केला तर जिवाणूंचा खर्च वाया. लागवड अक्षय्य तृतीयेनंतर झाली. निम्म्या वाफ्यांना जिवाणू दिले, निम्मे तसेच ठेवले. आबांचा विश्वास नव्हता, आणि खरं सांगायचं तर माझाही नव्हता.

पुढं महिन्याला एकदा, संध्याकाळी, वाफसा असताना आळवणी. पहिल्यांदा ठिबकमधून सोडलं आणि ड्रिपर तुंबले. पुड्यात जिवाणू असतात, पण बाकी सगळी संगजिऱ्याची पावडर. मग फडक्यातून गाळून पंपाने बुडात ओतलं, पुढच्या खेपेला द्रवरूप घेतलं. आणखी एक चूक थोडक्यात वाचली. टाकीत शेवाळ झालं म्हणून गड्याने ब्लीचिंग पावडर टाकली होती. वास आला म्हणून त्या दिवशी आळवणी थांबवली, नाहीतर त्या पाण्यात जिवाणूच मेले असते.

सप्टेंबरात पुतणी आली. ती कृषी महाविद्यालयात शिकते. तिने दोन्हीकडची मुळं नेली. आधी त्यांचं वरचं अंग अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने निर्जंतुक केलं, पुन्हा पुन्हा पाण्यात धुतलं, मग कुटून जिवाणू वाढवायच्या आगरच्या ताटलीवर पसरलं. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या ताटलीवर लावलं. तिथं काही उगवलं नाही, म्हणजे बाकी ताटल्यांत जे आलं ते मुळाच्या आतलंच. जिवाणू दिलेल्या मुळाच्या ताटलीत पांढरट, सुरकुतलेल्या वसाहती दाटीने होत्या. न दिलेल्यातही होत्या, कमी आणि वेगळ्या दिसणाऱ्या. मी खुश झालो तर म्हणते, "काका, हा तुम्ही सोडलेलाच बॅसिलस कशावरून? त्याला डीएनए तपासावा लागेल."

मर आली, दोन्हीकडे आली. न दिलेल्या वाफ्यांत ती ओळीने सरकत गेली. दिलेल्यात इथं एक, तिथं दोन झाडं, आणि खालचा कोपरा. त्या कोपऱ्यात पावसाचं पाणी चार दिवस तुंबलं होतं, तिथं जिवाणूंचं काही चाललं नाही. आता चर खोल काढलाय. प्लास्टिकचा वाटा किती, प्लॉट बदलल्याचा किती आणि बॅसिलसचा किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. पण दिलेल्या-न दिलेल्या वाफ्यांतला फरक बांधावरून दिसत होता.

या वर्षीचं बेणं घरचंच, दिलेल्या वाफ्यांतलं, रानाच्या वरच्या अंगाचं. आबा अजून पुड्यावर विश्वास ठेवत नाहीत. पण पाऊस लागला की काचेचा ग्लास बांधावर तेच घेऊन जातात, खोड कापून पाण्यात धरतात आणि उजेडाकडे तोंड करून बघत बसतात.